बिघाडाची चौकशी



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा युनियनच्या कचेरीतल्या एका वृद्ध सहकाऱ्याने मला विचारले, "का हो, बोनसचे आणि पगारवाढीचे सगळे प्रश्न सुटले वाटते? आता संगणकावर बोलणार म्हणे तुम्ही!" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी इंजिनियर नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या पाळीत व वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. आपला पगार, भविष्यनिर्वाह निधी, पतपेढीतली ठेव, रेशनकार्ड, ह्या सर्वांच्या नोंदी आता कोठल्यातरी सर्व्हरवर असतात. वही कपाटात होती तोवर कारकुनाला जाब विचारता येत होता. आता "सर्व्हर डाऊन आहे" एवढे तीन शब्द ऐकून आपण मुकाट्याने घरी परततो. आणि ह्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला की त्याचा दोष बहुतेक वेळा त्या खोलीतल्या सर्वांत लहान माणसाच्या माथी बसतो. म्हणून हे यंत्र कसे चालते, ते बसवताना कोठे अडते आणि अडले तर कारण कसे शोधावे, हे आपल्यासारख्यांनीही समजून घ्यावे असे मला वाटते.

भट्टीचे दोन पंप

उदाहरणासाठी आपल्याला जालना सोडून लांब जावे लागत नाही. आपल्याकडे पोलादाच्या भट्ट्या आहेत. इंडक्शन भट्टीच्या भोवती तांब्याच्या नळीचे वेटोळे असते आणि त्या नळीतून पाणी सतत खेळत ठेवावे लागते. पाणी थांबले तर वेटोळे जळते. ते फुटून पाणी वितळलेल्या धातूत गेले तर स्फोट होतो आणि माणसे होरपळतात. म्हणून तेथे एक पंप चालता ठेवतात आणि दुसरा राखीव. पहिला बंद पडला की दुसऱ्याने काम उचलायचे.

पण दोन्ही पंप एकाच विजेवर चालत असतील तर? वीज गेली की दोन्ही एकदमच थांबतील. म्हणून जाणता माणूस उंचावर पाण्याची टाकीही बांधतो. तिच्यातले पाणी आपल्या भाराने खाली येते, त्याला वीज लागत नाही. यंत्रे दोन घेतली म्हणजे काम भागले असे होत नाही. त्या दोघांमध्ये सामाईक असे काय आहे, हेही पाहावे लागते.

सर्व्हरच्या जोडीचीही गोष्ट अशीच आहे. ह्या जोडीला फेलओव्हर क्लस्टर म्हणतात. त्यातल्या प्रत्येक यंत्राला नोड म्हणतात. दोन नोड, दोघांना जोडलेले सामाईक डिस्कचे कोठार आणि बाहेरच्या जगासाठी एकच नाव, अशी ही मांडणी असते. डेटाबेस म्हणजे सर्व खात्यांची वही. ती वही सामाईक कोठारात राहते. वही चालवणारा कारकून, म्हणजे डेटाबेसचा प्रोग्रॅम, दोन्ही नोडांवर बसवलेला असतो. परंतु एका वेळी एकाच नोडवर तो काम करतो. शाखेतला माणूस नोडचे नाव घेत नाही, तो त्या सामाईक नावाला हाक मारतो. पहिला नोड पडला तर तेच नाव आणि तेच कोठार दुसरा नोड हाती घेतो. तो वही उघडतो, पुऱ्या झालेल्या नोंदी कायम करतो, अर्धवट राहिलेल्या खोडतो आणि मग खिडकी उघडतो. मध्ये थोडा वेळ काम थांबते, ते पूर्ण टळत नाही.

ही मांडणी काय करत नाही, तेही सांगितले पाहिजे. वही एकच असल्यामुळे कोणी चुकून नोंदी पुसल्या तर त्या दोन्ही नोडांना पुसलेल्याच दिसतात. सामाईक कोठारच निकामी झाले तर दोन्ही नोड रिकाम्या हाताने बसतात. म्हणून वहीची निराळी प्रत दुसरीकडे ठेवावीच लागते. क्लस्टर आहे म्हणून प्रत नको असे जो म्हणेल, त्याने पंप दोन आहेत म्हणून विहीर बुजवली असे समजावे.

गणपूर्ती आणि साक्षीदार

दोन नोड एकमेकांना सतत ठोके पाठवून "मी आहे" असे कळवत असतात. ह्याला हार्टबीट असेच नाव आहे. ठरलेल्या संख्येइतके ठोके चुकले की समोरचा गेला असे धरले जाते. पण समजा, दोन्ही नोड शाबूत आहेत आणि तुटली आहे ती केवळ मधली तार. मग प्रत्येकाला वाटणार की दुसरा मेला आणि कारभार आता माझ्याकडे आला. दोघेही एकाच वहीत लिहू लागले तर वहीचा चिखल होईल.

हा प्रकार आम्हां युनियनवाल्यांना चांगला ठाऊक आहे. संघटनेत फूट पडते, दोन गट दोन सरचिटणीस निवडतात, दोघांजवळ एकसारखे शिक्के असतात आणि दोघेही बँकेत चेक घेऊन जातात. त्यावर उपाय म्हणून घटनेत गणपूर्तीचे कलम असते. क्लस्टरमध्येही नेमके तेच कलम आहे आणि त्याचे नावही क्वोरम म्हणजे गणपूर्ती असेच आहे. निम्म्याहून अधिक मते ज्याच्याकडे असतील त्यानेच कारभार करायचा. दोनच नोड असले तर मते दोन. फूट पडली की एकास एक, म्हणजे बहुमत कोणाचेच नाही. म्हणून तिसरे मत लागते. ते एखाद्या लहानशा सामाईक डिस्कला किंवा तिसऱ्या यंत्रावरच्या फोल्डरला देतात. इंग्रजीत त्याला साक्षीदार ह्याच अर्थाचा शब्द आहे. हा साक्षीदार तिसऱ्या यंत्रावर ठेवायचा असेल तर तो खरोखर तिसऱ्या जागी असावा. दोन नोडांपैकी एकाच्याच खिशात तो असेल तर त्याच्या साक्षीला किंमत राहत नाही.

स्थापना कोठे अडते

आता स्थापनेकडे वळू. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरवर एस्‌क्यूएल सर्व्हर नावाचा डेटाबेस बसवतात, त्याचेच उदाहरण घेतो, कारण माझ्या पाहण्यात तेच आले. काम ज्या क्रमाने चालते त्याच क्रमाने अडचणीही येतात, म्हणून त्या त्या क्रमाने सांगतो.

पहिली पायरी तपासणीची. डेटाबेसला हात लावण्यापूर्वी क्लस्टरची परीक्षा घेणारा एक प्रोग्रॅम विंडोजमध्येच असतो. तो जाळे, कोठार, दोन्ही यंत्रांची जुळणी हे सर्व पाहून अहवाल लिहितो. डेटाबेसची स्थापना हा अहवाल मागते. तो नसला किंवा त्यात नापास असा शेरा असला तर पुढे जाऊ देत नाही. पुष्कळ जण येथेच चिडतात आणि पळवाट शोधतात. तसे करू नये. अहवालातल्या सूचना वाचून त्यांतली कोणती चालण्यासारखी आहे हे ठरवावे आणि चुका मात्र दुरुस्त कराव्यात. एक खबरदारी घ्यावी: ह्या परीक्षेत कोठाराची चाचणी घेताना डिस्क काही वेळ काढून घेतल्या जातात, म्हणून चालत्या वहीवर ती चाचणी भरदिवसा घेऊ नये.

दुसरी पायरी कोठाराची. ज्या सामाईक डिस्कवर वही ठेवायची ती आधी क्लस्टरच्या ताब्यात दिलेली असली पाहिजे आणि ज्या नोडवरून स्थापना चालली आहे त्याच्याकडे त्या घटकेला ती असली पाहिजे. डिस्क समोर दिसते आहे, पण यादीत येत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. तिचे मूळ बहुधा ह्यातच असते. तसेच पूर्वीच्या कामानंतर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे राहून गेले असेल तरीही स्थापना अडून बसते.

तिसरी पायरी नावाची आणि अधिकाराची. सर्वांत जास्त माणसे येथेच ठेचकाळतात, म्हणून येथे जरा थांबू. मोठ्या संस्थेत यंत्रांचा आणि माणसांचा एक मस्टर असतो, त्याला ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणतात. क्लस्टर उभे राहताना त्याचे स्वतःचे नाव ह्या मस्टरवर चढते. पुढे डेटाबेस बसवताना डेटाबेससाठी निराळे, दुसरे नाव लागते. हे दुसरे नाव मस्टरवर कोण चढवतो? आपल्याला वाटते, समोर बसलेला इंजिनियर. तसे नाही. ते नाव क्लस्टर स्वतःच्या अधिकाराने चढवते. मालक स्वतः फाटकात उभा असला तरी मस्टरवर नाव मुकादमानेच लिहायचे, आणि मुकादमाला तसा अधिकार तर कोणी दिलेलाच नाही, असा हा प्रकार आहे. इंजिनियरकडे सर्व किल्ल्या असतात, त्यामुळे अधिकाराची अडचण असेल हे त्याच्या मनातही येत नाही. स्थापना जवळजवळ शेवटापर्यंत जाते आणि मग "नेटवर्क नेम सुरू करता आले नाही" अशा अर्थाचा संदेश देऊन कोसळते. संदेशात जाळ्याचे नाव असल्यामुळे लोक तारा आणि स्विच तपासत बसतात. उपाय दोन आहेत. मस्टरच्या त्या विभागात यंत्राचे नवे नाव निर्माण करण्याचा अधिकार क्लस्टरच्या खात्याला द्यावा. तसे नको असेल तर नाव आधीच चढवून, ते स्थगित ठेवून, त्याचा पूर्ण ताबा क्लस्टरला द्यावा. नावांची दुसरी यादी, जिला डीएनएस म्हणतात, तिच्यात त्याच नावाची कोणी दुसऱ्याने केलेली जुनी नोंद पडून असेल तर तीही अशीच आडवी येते.

चौथी पायरी दुसऱ्या नोडची. पहिल्या नोडवर स्थापना यशस्वी झाली म्हणजे काम संपले असे कित्येकांना वाटते. परंतु दुसऱ्या नोडवर जाऊन तो नोड जोडण्याचे काम निराळे करावे लागते. ते राहिले तर नाव क्लस्टरचे आणि चाल एका पायाची, अशी स्थिती होते. तात्पुरत्या कामाच्या फायली नोडच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवल्या असतील, तर तेच फोल्डर, त्याच मार्गावर, त्याच परवानगीसह दुसऱ्या नोडवरही हवे. ते नसेल तर पहिल्या नोडवर सर्व सुरळीत चालते आणि ज्या दिवशी दुसऱ्याची गरज पडते नेमके त्या दिवशी तो उठत नाही.

आणि एखादी स्थापना अर्ध्यात मोडली तर तिच्यावरच दुसरी चढवू नये. अर्धवट बसलेला भाग "नोड काढून टाका" ह्या रीतीने आधी काढावा, मूळ कारण दूर करावे आणि मगच पुन्हा सुरुवात करावी. पडक्या भिंतीवर नवी भिंत कोणी बांधत नाही.

एका चौकशीची हकीकत

आता एक अनुभव सांगतो. संस्थेचे नाव सांगत नाही आणि सांगण्याची गरजही नाही, कारण असे कोठेही घडते. काही वर्षांपूर्वी एका पतपेढीत असे क्लस्टर बसवायचे काम चालले होते. बाहेरून इंजिनियर आले होते. स्थापना कोसळली. ती पुन्हा केली, पुन्हा कोसळली. दोन दिवस शाखांचे काम अडले. ठेवीदार, त्यांतही बरेचसे आमचे कारखान्यातले, खिडकीपाशी भांडू लागले. तिसऱ्या दिवशी रात्रपाळीला असलेल्या एका कंत्राटी मुलाला नोटीस मिळाली. आरोप असा, की त्याने पहाटे सर्व्हरच्या परवानग्यांत ढवळाढवळ केली.

तो मुलगा मला भेटायला आला तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, बहिणीचे शिक्षण चालू. मी त्याच्या बाजूने चौकशीला उभा राहिलो. आरोप कशावरून, असे विचारल्यावर एक छापील कागद पुढे आला. क्लस्टर स्वतःची एक रोजनिशी लिहीत असते, तिच्यातला तो उतारा होता. नव्या नावाला परवानगी नाकारली गेली अशी ओळ, आणि तिच्यापुढे वेळ पाच वाजून बावीस मिनिटे. पाच बावीसला त्या खोलीत हा मुलगा एकटाच होता, ही गोष्ट हजेरीवरून सिद्ध होती. साहेब म्हणाले, "यंत्र खोटे बोलत नाही."

मला यंत्रातले तेव्हा काहीच कळत नव्हते. पण तीस वर्षे चौकश्या लढवून एक सवय लागली आहे. एकाच घटनेची नोंद दोन ठिकाणी असेल तर दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून पाहायचे. मी विचारले, "स्थापना करणारा प्रोग्रॅम स्वतः काही लिहून ठेवत नाही काय?" लिहीत होता. त्याचा एक सारांश असतो आणि एक सविस्तर नोंद असते. ते कागद मागवले. स्थापना कोसळल्याची वेळ तेथे होती सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटे. दिवस तोच.

पाच बावीस आणि दहा बावन्न. मी कागदावर वजाबाकी केली. फरक बरोबर साडेपाच तासांचा. आणि मला एकदम शाळेतला भूगोल आठवला: मिर्झापूरजवळून जाणारे साडेब्याऐंशी अंशांचे रेखावृत्त आणि ग्रीनिचहून साडेपाच तास पुढे असलेली आपली वेळ! क्लस्टरची रोजनिशी, निराळे सांगितले नाही तर, आपल्या घड्याळाने लिहिली जातच नाही. ती जागतिक वेळेने लिहिली जाते. स्थापनेचा सारांश मात्र आपल्या वेळेने लिहिला जातो. म्हणजे ती नाकारलेली परवानगी पहाटेची नव्हतीच. ती सकाळी दहा बावन्नची होती. त्या वेळी मुलगा पाळी संपवून घरी झोपला होता आणि यंत्रापुढे इंजिनियर मंडळीच बसली होती.

इंजिनियरांपैकी एक तरुण प्रामाणिक होता. त्याने तेथेच कागद पुन्हा वाचला आणि कबूल केले, की क्लस्टरच्या खात्याला नाव चढवण्याचा अधिकार मुळात दिलेलाच नव्हता. कोणी काही बिघडवले नव्हते. जे द्यायचे ते द्यायचे राहून गेले होते. अधिकार दिला, अर्धवट स्थापना काढली, पुन्हा बसवली आणि त्याच संध्याकाळी काम पुरे झाले. मुलाची नोटीस मागे घेतली गेली. त्याची माफी मात्र कोणी मागितली नाही.

चौकशीची रीत

त्या दिवसापासून मी ह्या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. तेव्हा ध्यानात आले, की यंत्राच्या बिघाडाची चौकशी आणि माणसाची चौकशी ह्यांची रीत एकच आहे. तिचे चार नियम मी आमच्या कार्यकर्त्यांना सांगतो, ते आपल्यालाही सांगतो.

पहिला: पडद्यावरचा संदेश हा आरोप आहे, निकाल नव्हे. तो शेवटी काय पडले एवढेच सांगतो. पहिली चूक त्याच्या कितीतरी आधीची असते. म्हणून सविस्तर नोंद उलट दिशेने वाचत पहिल्या चुकीपर्यंत जावे.

दुसरा: सर्व घड्याळे एका वेळेवर आणल्याशिवाय घटनांचा क्रम लावू नये.

तिसरा: काय बदलले ह्याबरोबरच काय करायचे राहिले, हेही विचारावे. बदल करणारा सापडतो, म्हणून त्याला पकडतात. राहून गेलेल्या कामाला चेहरा नसतो.

चौथा: एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि ती लिहून ठेवावी. पाच गोष्टी एकदम बदलून यंत्र चालू झाले तर कारण कळत नाही आणि तोच बिघाड पुढच्या महिन्यात पुन्हा दारात उभा राहतो.

राखीव ते राखीवच राहू नये

शेवटी एक गोष्ट. दुसरा नोड आहे म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये, हेच दिसून आले. ते आपण पाहिले तसले दोन नोडांचे साधे क्लस्टर नव्हे. तेथे केंद्रेच एकाहून अधिक, आणि त्यांना जोडणाऱ्या तारा दोन निराळ्या कंपन्यांच्या. रस्त्यावरच्या खोदकामामुळे दोन्ही कंपन्यांच्या तारांत बिघाड झाला. तारा गेल्या तरी मुख्य केंद्रातले कोठार चालू राहायला हवे होते. परंतु तेही प्रतिसाद देईना. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले आणि पाचपर्यंत चालू ठेवावे लागले. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सेबीने बाजारांना नियम घालून दिला, की महत्त्वाचे काम बंद पडल्यास अर्ध्या तासात संकट जाहीर करावे आणि त्यानंतर पाऊण तासात काम पर्यायी केंद्राकडे न्यावे.

एवढ्या मोठ्या बाजाराची ही गत, तर आपल्या पतपेढीची काय कथा? म्हणून मी म्हणतो, की राखीव नोडला ठरलेल्या दिवशी, सर्वांना आधी सांगून, मुद्दाम काम द्यावे. एका रविवारी पहिला नोड आपण होऊन बंद करावा आणि दुसरा उठतो का, किती वेळ घेतो, शाखांना खाते दिसते का, हे पाहून लिहून ठेवावे. भट्टीवरचे जुने कामगार राखीव पंप आठवड्यातून एकदा चालवून पाहत, ते हौसेने नव्हे. बंद पडून राहिलेला पंप ऐनवेळी अडकतो हे त्यांना ठाऊक होते.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळ जण कोठल्या ना कोठल्या पतपेढीचे, सोसायटीचे सभासद आहात. पुढच्या वार्षिक सभेला जाल तेव्हा लाभांशाबरोबर तीन प्रश्न अवश्य विचारा: आपल्या वहीची निराळी प्रत कोठे ठेवली आहे? राखीव यंत्र शेवटचे केव्हा चालवून पाहिले? आणि मागच्या वेळी काम बंद पडले तेव्हा त्याचे कारण काय लिहून ठेवले आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून जर एखाद्या माणसाचे नावच तेवढे मिळाले, तर ती चौकशी पुरी झालेली नाही असे समजा आणि नोंदीचे कागद मागा.